फुली मारण्याआधी

घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस कोणता घ्यावा, असं विचारलं की बहुतेक जण एखादं नाव सांगून मोकळे होतात. मी आधी दोन गोष्टी विचारते. या कॉम्प्युटरवर बसतं कोण, आणि स्क्रीनवर इशारा आला की ती व्यक्ती काय करते? हे विचारायला मला मामांच्या कॉम्प्युटरने शिकवलं.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट त्यांनी एकेक वाजवून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. शिवाय गावातल्या वाड्यांचे आणि वीरगळांचे फोटो होते. अँटिव्हायरस पैसे भरून घेतलेला होता, मुदतही शिल्लक होती. तरी एका संध्याकाळी सगळ्या फाइलींच्या नावांना अनोळखी शेपूट लागलं आणि फोल्डरमध्ये इंग्रजी चिठ्ठी सापडली: फाइली सोडवायच्या तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क साधला तर निम्मे.

‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखलं जाणारं हे रॅन्समवेअर मुख्यतः घरगुती कॉम्प्युटरवर पडतं, कारण ते फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून येतं. शेजारच्या मुलाने लग्नपत्रिकेच्या डिझाइनसाठी असंच एक सॉफ्टवेअर उतरवलं होतं. सोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच सूचना होती, अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. त्याआधी अँटिव्हायरसने धोका ओळखून इशारा दिला होता, त्याची नोंद मला नंतर सापडली. मामांना विचारलं तर म्हणाले, “अगं, तसली चौकट रोजच येते. फुली मारली की जाते.”

मग मी त्या कॉम्प्युटरसमोर निवांत बसून पाहिलं. चौकटी खरंच रोज येत होत्या. मुदतवाढीवर सवलत, व्हीपीएन घ्या, कॉम्प्युटर मंद झालाय, आमचा क्लीनर घ्या. खऱ्या धोक्याचा इशाराही त्याच कोपऱ्यात, त्याच रंगात उमटायचा. जाहिराती आणि इशारे एकाच आवाजात बोलू लागले की माणूस दोन्ही ऐकणं सोडतो. त्यात कॉम्प्युटर जुना, ४ जीबी रॅमचा, फिरत्या हार्ड डिस्कचा. ऐन सकाळी पूर्ण स्कॅन सुरू झालं की माउससुद्धा हलेना. त्यामुळे अँटिव्हायरस तात्पुरता बंद करणं ही त्या घरातली सवयच झाली होती. व्हायरस ओळखण्यात ते सॉफ्टवेअर कमी पडलं नव्हतं. पण घरातल्या माणसांना ते चालू ठेवावंसं वाटत नव्हतं, आणि याचा दोष मी मामांना देत नाही.

म्हणून अँटिव्हायरस पारखताना बहुतेक कंपन्या देतात ती मोफत चाचणीची मुदत आपल्याच कॉम्प्युटरवर, रोजच्या कामात वापरा. फाइल कॉपी करताना, ब्राउझर उघडताना किती अडखळतो? जाहिरातींच्या चौकटी बंद करण्याची सोय आहे का? असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा. स्कॅनची वेळ आपल्याला ठरवता येते का? दुसऱ्या वर्षाची किंमत किती? पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर आकडा कधी कधी दुपटीच्याही वर जातो. पकडण्याच्या क्षमतेसाठी दुकानदाराच्या शब्दापेक्षा जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांचे अहवाल पाहा. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी ६ गुण देते. खोट्या इशाऱ्यांचा हिशेब सुलभतेत धरला जातो. तो रकाना नीट वाचा, कारण खोटे इशारे फुली मारायची सवय लावतात. एकाच महिन्याचा निकाल पाहून ठरवू नका. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल पहारा चालू आहे की नाही एवढंच सांगते, त्याचा दर्जा सांगत नाही.

विंडोजमध्ये असलेला डिफेंडर अलीकडे या चाचण्यांत विकतच्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीने टिकतो. तो फारसा बोलत नाही, काही विकत नाही. मामांच्या कॉम्प्युटरवर मी तोच ठेवला. त्याची एक उणीव मात्र आहे. इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली पडते, तेव्हा जिथे नेट कधीमधीच असतं आणि पेन ड्राइव्ह हातोहात फिरतात तिथे दुसरा पर्याय पाहणं योग्य. अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरांत बदल करू न देणारी डिफेंडरमधली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. रोजच्या वापराचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवू नका. मग पासवर्ड दिल्याशिवाय पाहुण्याला पहारा उतरवता येत नाही.

‘मोफत’ घेताना कंपनी कशावर कमावते तेही विचारा. अवास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. घराचा राखणदारच घरातल्या गोष्टी बाहेर विकू लागला, तर तो कशाला ठेवायचा?

भजनांची बरीच रेकॉर्डिंग परत मिळाली. हे रॅन्समवेअर घाईत असतं, प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग कुलूपबंद करतं. मोठ्या ऑडिओ फाइलींचा उरलेला भाग दुरुस्तीच्या साधनाने वाजता करता आला. फोटो मात्र गेले. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत असती तर तेही राहिले असते. ही डिस्क काम झालं की काढून ठेवायची, कारण जोडलेली असेल तर तीही कुलूपबंद होते.

कुणावर ही वेळ आलीच, तर पैसे भरू नका. कॉम्प्युटरचं नेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, कारण असं रॅन्समवेअर अनेकदा पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअरही सोबत आणतं. कुलूपबंद फाइली पुसू नका, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. एम्सिसॉफ्टने २०१९ मध्ये याच रॅन्समवेअरच्या अनेक प्रकारांसाठी मोफत किल्ली काढली. ती सगळ्यांना लागू पडत नाही, पण युरोपोलचा सहभाग असलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात अशा किल्ल्यांची भर पडत असते. आज न उघडलेली फाइल पुढे उघडू शकते.