उंटावरचं घर



भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटाचा धडा आहे. त्यात वाळूच्या टेकड्या, खजुराची झाडं आणि उंट यांचं चित्र आहे. ते वाळवंट आपल्यापासून फार लांब. पण वाळवंटाकडचं एक घर दरवर्षी चालत चालत आपल्या शिवारात येतं, हे आपल्या लक्षात येत नाही. होळी झाली, कापसाची उलंगवाडी झाली, वावरं मोकळी पडली, की नाल्यापलीकडे डेरा उतरतो. आपण म्हणतो, "उंटवाले आले." काही लोक त्यांना काठेवाडी म्हणतात. पण काठेवाड म्हणजे सौराष्ट्र; हे लोक कच्छचे. त्यांची जमात रबारी. गुजरातचा नकाशा घ्या. वर पश्चिमेला कासवाच्या पाठीसारखा जो भाग दिसतो, तो कच्छ. सातवीच्या मुलामुलींनी या चैत्रात चार दिवस डेऱ्यावर जाऊन जे पाहिलं, विचारलं आणि नंतर पुस्तकातून पडताळलं, ते इथे लिहिलं आहे.

आधी एक प्रश्न. वाळवंट म्हणजे जास्त ऊन, असं पुष्कळांना वाटतं. मग आपलं नागपूर वाळवंट का नाही? २३ मे २०१३ रोजी नागपूरला ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. एवढं ऊन भुजलाही क्वचितच पडतं. खरी गोष्ट अशी की वाळवंट उन्हावरून ठरत नाही, पावसावरून ठरतं. नागपूरला वर्षाला १००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कच्छात त्याच्या निम्माही नाही. शिवाय तो भरवशाचा नाही. एखाद्या वर्षी पडतो, एखाद्या वर्षी तोंड दाखवत नाही. आणि कच्छचं रण म्हणजे वाळूही नव्हे बरं का! पावसाळ्यात तिथे उथळ पाणी साचतं, आणि ते आटलं की मागे मिठाचा पांढरा थर राहतो. मिठावर गवत उगवत नाही. रणाच्या काठाला बन्नी नावाचं मोठं गवताळ रान आहे, पण त्यात वेडी बाभूळ इतकी माजली की गवताला जागा उरली नाही. चारा नाही म्हणून मेंढरं घेऊन निघायचं, असं करत करत रबारी लोक मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि आपल्या विदर्भापर्यंत आले. काहींच्या तर दोन पिढ्या इकडेच फिरताहेत. आम्ही ज्या आजींशी बोललो त्यांचा जन्म यवतमाळकडच्या एका वावरात झाला. तरी "गाव कोणतं?" म्हटलं की त्या कच्छातलंच नाव सांगतात.

आता घर पाहू. या घराला भिंती नाहीत, दार नाही, छप्पर म्हणजे एक ताडपत्री, तीही ऊन किंवा पाऊस आला तर. घराचा कणा म्हणजे खाट. डेरा उतरला की खाट जमिनीवर टेकते. तिच्यावर गोधड्या, कपड्यांची गाठोडी, धान्याच्या थैल्या एकावर एक रचतात आणि वर भरतकामाचा कपडा टाकतात. ती रास म्हणजेच भिंत. तिच्या एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला झोपायची जागा. डेरा उठला की तीच खाट उलटी होऊन उंटाच्या पाठीवर चढते. तिचे चार पाय आकाशाकडे! त्या पायांना दोर बांधून मध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, आज सकाळी जन्मलेलं कोकरू आणि चालू न शकणारं लहान मूल, सगळं बसतं. आमच्या वर्गातल्या एकानं विचारलं, "एका उंटावर एक घर मावतं?" तर हो, मावतं. आपलं घर किती उंटांवर मावेल, याचा हिशेब आम्ही वर्गात सुरू केला आणि कपाटापाशीच अडकलो.

डेऱ्यावरचा दिवस आपल्या आधी उगवतो. पहाटे बायका पाणी आणतात, ताक घुसळतात, बाजरीचे जाड रोटले थापतात. इकडे बाजरी कमी मिळते म्हणून ज्वारीचेही करतात. माणसं आणि मोठी मुलं मेंढरं घेऊन रानात जातात ती दिवस बुडता परततात. दुपारी डेऱ्यावर म्हाताऱ्या, लेकरं, कोकरं आणि कुत्री एवढेच असतात. त्यांची भाषा आम्हाला अर्धी समजली. पण "पाणी" हा शब्द त्यांच्यात आणि आपल्यात एकच आहे.

बायकांचे कपडे काळ्या लोकरीचे. एवढ्या उन्हात काळं आणि तेही लोकरीचं? १९८० साली काही शास्त्रज्ञांनी इस्राएलच्या वाळवंटात याचा प्रयोग करून पाहिला होता. तिथले बेदुइन लोकही काळे झगे घालतात. काळा झगा जास्त तापतो हे खरंच, पण जाड आणि सैल असल्यामुळे ती वाढीव उष्णता बाहेरच्या बाहेर निघून जाते, अंगापर्यंत पोचत नाही. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात माणसाला लागणारी उष्णता सारखीच भरली.

उंटाबद्दल लिहावं तेवढं थोडं. उंटाच्या कुबडात पाणी असतं असं मोठी माणसंही सांगतात. ते खोटं. कुबडात चरबी असते. खायला मिळालं नाही की ती खर्च होते आणि कुबड खाली लोंबतं. पाण्याची युक्ती वेगळीच आहे. आपल्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या दोन-तीन अंश वर गेलं की आपण तापानं फणफणतो. तहानलेला उंट पहाटे ३४ अंशांवर असतो आणि दुपारी ४० च्या वर गेला तरी तसाच चालत राहतो. त्यामुळे त्याला घाम गाळावा लागत नाही, पाणी वाचतं. मग पाणी दिसलं की १०-१५ मिनिटांत १०० लिटर पिऊन टाकतो. म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ सात बादल्या! दुसरं जनावर एकदम इतकं पाणी प्यायलं तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या पेशी लांबट गोल असतात, त्या फुगतात पण फुटत नाहीत. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून वर बसलेल्याला होडीत बसल्यासारखं वाटतं. उंटीण १३ महिन्यांनी पिल्लू देते. आपली गाय नऊ-सव्वानऊ महिन्यांनी वासरू देते हे सगळ्यांना माहीत आहेच.

रबारी सांगतात की पार्वतीनं मातीचा उंट केला, शंकरानं त्यात जीव घातला, आणि उंट सांभाळायला म्हणून पहिला रबारी घडवला. गोष्ट गोष्टच आहे, पण ती ज्या अभिमानानं सांगतात तो खोटा नाही. पशुगणनेचे आकडे मात्र काळजीचे आहेत. २०१२ साली भारतात ४ लाख उंट होते, २०१९ साली अडीच लाख उरले. रस्ते झाले, ट्रक आले, चराई कमी झाली. कच्छात उंटिणीचं दूध डेअरीवर विकत घेतात, २०१९ पासून ते अमूलच्या बाटलीतही मिळतं; तेवढाच आधार. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, तळेगाव दशासर इथे, ५८ उंट पोलिसांनी अडवले. ते कत्तलीसाठी नेत असल्याची तक्रार होती. नेणारे रबारी म्हणत होते की विदर्भातल्या आमच्याच लोकांकडे नेतो आहोत. प्रकरण कोर्टात गेलं, आणि चालत चालत झाडपाला खाणारे उंट अमरावतीच्या गोरक्षणात आवाराच्या आत उभे राहिले. तेव्हा पुष्कळ लोकांना पहिल्यांदा कळलं की विदर्भात उंट पाळणारी माणसं राहतात. आपल्याला ते ठाऊक होतं.

चैत्रातलं रान पाहायला डेऱ्यासारखी जागा नाही, कारण ही माणसं रानातच झोपतात. पळस फुलून गेलेला, मोहाची फुलं पहाटे टपटप पडतात, कडुलिंबाला मोहोर. सावरीवर आणि पळसावर भोरड्यांचे थवे उतरतात. या गुलाबी-काळ्या भोरड्याही पाहुण्याच. हिवाळाभर आपल्याकडे राहून आता त्या मध्य आशियाकडे निघाल्या आहेत, तिथे अंडी घालतील. टिटवीला मात्र कुठे जायचं नाही. ती उघड्या ढेकळांतच अंडी घालते. मेंढरांच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून गुराख्यानं एका ठिकाणी चार मोठे दगड मांडून ठेवलेले आम्ही पाहिले. रोही रात्री डेऱ्याजवळून जातात. कोल्हा कोकरावर टपलेला असतो. पण खरी भीती लांडग्याची, आणि जंगलाच्या कडेला बिबट्याची. लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याला मारता येत नाही. म्हणून रात्री जाळी लावायची, कुत्री मोकळी सोडायची आणि एकानं जागं राहायचं. एखादं मेंढरू जातंच. आजी म्हणाल्या, त्याचाही वाटा असतो. माळढोक हा मोठा पक्षी मात्र दोन्हीकडून हरवत चालला आहे. कच्छात तो बोटांवर मोजण्याइतका उरला, आणि आपल्या बाजूला वरोरा-भद्रावतीच्या वावरांत पूर्वी दिसायचा.

आता प्रवासाचं. डेरा भटकतो म्हणजे वाट फुटेल तिकडे जातो, असं नाही. डेऱ्याचा एक मुखी असतो. पुढचा मुक्काम ठरायच्या आधी एक जण मोटारसायकलवर पुढे जाऊन पाहून येतो: वावर रिकामं आहे का, फवारणी झालेली नाही ना, पाणी किती लांब, पांदण उंट जाईल एवढी रुंद आहे का. मग शेतकऱ्याशी फोनवर बोलणं होतं. मेंढरं रात्री वावरात बसवायची, लेंडीखत आणि मूत शेतकऱ्याला, बदल्यात डेऱ्याला धान्य किंवा पैसे. पऱ्हाटीचा उरलेला पाला मेंढरं खातात. जिथे डेरा बसतो तिथे पुढच्या हंगामात पीक चांगलं येतं असं आपल्या गावचे जाणते लोकही सांगतात. आता अभयारण्यात चराई करता येत नाही, म्हणून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या बाजूची वाट टाळून लांबून जावं लागतं. ओलीत वाढलं, उन्हाळी भुईमूग आणि संत्र्याचे बगीचे वाढले, तशी रिकामी वावरं कमी झाली. रोहिणी लागल्या, शेतकरी पेरणीच्या तयारीला लागला, की वावर सोडायचंच. पुढे पावसाळा माळरानावर, चिखल नसेल तिथे. कच्छला कधी जाणार, असं विचारलं तर हसतात. आम्ही गणित केलं: वाट साधारण १२०० किलोमीटर धरली आणि रोज १२ किलोमीटर चाललं, तर १०० दिवस. म्हणून लग्नकार्याला रेल्वेनं किंवा बसनं जातात आणि मेंढरं इथेच राहतात.

या वर्षी डेऱ्यावरून गावात थोडी कुरबुर झाली, ती इथे लिहायला हवी. उंट सगळं पाणी पिऊन टाकतील, असं काही लोकांचं म्हणणं होतं. आम्ही त्याचाही हिशेब मांडला. डेऱ्यावर सहा उंट आहेत. हिरवा पाला खाणारा उंट दोन-तीन दिवस पाण्याशिवाय सहज राहतो, त्यामुळे उंटांचं पाणी आपल्याला वाटतं तेवढं नाही. मेंढरांचं जास्त आहे. उन्हाळ्यात एका मेंढराला दिवसाला पाच लिटर धरलं, तर २०० मेंढरांना १००० लिटर लागतात. ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण मेंढरं नाल्याच्या डोहावर पाणी पितात. हापशीवरून डेऱ्याच्या बायका फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नेतात, तेही दुपारी, आपली गर्दी नसताना. डोह वैशाखात आटला तर काय करायचं, हा मोठ्या माणसांनी बसून ठरवायचा प्रश्न आहे. ग्रामसभेत हे आकडे कोणाला हवे असतील तर आमच्या वहीत आहेत.

दुसरी गोष्ट शाळेची. डेऱ्यावर आमच्या वयाची चार मुलं आहेत. त्यांतली एक मुलगी दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखते, कोणाचं कोकरू कोणतं ते अंधारात आवाजावरून सांगते. पण तिचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत बसता येतं. वर्षाच्या मधे आलं तरी, जन्माचा दाखला नसला तरी. दुसऱ्या गावी जाताना शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून तिथल्या शाळेत बसायचं. गुरुजी दोनदा डेऱ्यावर जाऊन बोलून आले. तिची आई म्हणाली, कोकरं कोण पाहील? तेही खरं आहे. शेवटी असं ठरलं की सकाळची शाळा सुरू झाल्यापासून दोन लहान मुलं मधल्या सुट्टीपर्यंत येतील आणि खिचडी खाऊन जातील. कालपासून ती पहिलीच्या वर्गात बसतात. धाकट्याला "क" काढता येतो. मोठी अजून येत नाही. तिच्यासाठी एक पाटी डेऱ्यावर ठेवली आहे, आमच्यातल्या दोघी शाळा सुटल्यावर जातात. ती आम्हाला भरतकाम दाखवते, आम्ही तिला अंक.

डेरा पाहायला ज्यांना जायचं असेल त्यांनी दिवस कलल्यावर, माणसं परतल्यावर जावं. दुपारी एकट्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. कुत्री अंगावर येतात, म्हणून लांबूनच हाक मारा. उंटाच्या मागून जाऊ नका. मुखी सांगतात, अक्षय्य तृतीयेपर्यंत मुक्काम आहे, पुढे भिवापूरच्या बाजूला.

– इयत्ता सातवी, परिसर अभ्यास गट