रॉकेटच्या शेपटीत फोम भरण्याआधी

पाण्याच्या रॉकेटची फिन तुटली की मुलं पहिली धाव हार्डवेअरच्या दुकानाकडे घेतात आणि दाराची चौकट बसवताना मारतात तो पीयू फोमचा डबा घेऊन येतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. रॉकेट म्हणजे दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तोंड खाली केलेली. त्या तोंडाभोवती पुठ्ठ्याचा किंवा दुसऱ्या बाटलीचा घेर, घेराला चार फिन, आणि बाटली व घेर यांच्या मधे रिकामी जागा. ती जागा दिसली की हात शिवशिवतात. मजबूत करायचं म्हणजे काहीतरी ठासून भरायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. कोडोली-वारणानगर भागातल्या मुलांची रॉकेटं दुरुस्तीला माझ्याकडे येतात. त्यातली फोम भरलेली मी कापून बघितली आहेत, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या विज्ञान मंडळाचं रॉकेट माझ्या टेबलावर आलं. बाहेरून रंगरंगोटी झकास. पण घेराला पोट सुटलेलं आणि चारांपैकी एक फिन उरलेल्या तिघींशी फटकून बसलेली. फोम मारला तेव्हा सगळं सरळ होतं, सकाळी बघितलं तर असं, असं मुलांचं म्हणणं. ते खरंच होतं. हॅक्सॉच्या पात्याने मी घेर उभा कापला. बोटभर जाडीचा पिवळा, कडक थर कडेला, आणि त्याच्या आत काकवीसारखा चिकट, ओला फोम. शेजारी लिंबाएवढी पोकळी. ज्या फिनच्या मुळाशी आधार हवा होता, नेमकी तिथेच ती पोकळी.

असं होण्याचं कारण डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतं? डब्यातला हा फोम हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. चौकटीच्या फटीला दोन बाजूंनी हवा मिळते, तिथे त्याचं काम छान होतं. बंद घेरात आधी तोंडाजवळचा थर कडक होतो आणि तोच आतल्या फोमचा ओलावा अडवतो. आतला माल कच्चा राहतो, ओलावा झिरपेल तसा सावकाश फुगत राहतो आणि वाट मिळेल तिकडे ढकलतो. साडेसातशे मिलिलिटरच्या एका डब्यातून ३५ ते ४५ लिटर फोम तयार होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुठ्ठ्याच्या घेराची काय गत होईल ते कळतं. शिरोलीच्या फाउंड्रीत साचा भरताना वायू निघायला व्हेंट ठेवतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे मात्र आपण दोन्ही तोंडं टेपने बंद करून नळी आत खुपसतो.

कुणी म्हणेल, मग दोन भाग मिसळून ओततात तो फोम घ्या. परदेशात मोठी, मोटर लावलेली रॉकेटं बनवणारे हौशी लोक तोच वापरतात. मोटरची नळी आणि बाहेरची नळी यांच्या मधे, फिनच्या मुळाशी, थोडा थोडा करून ओततात. तो आपल्या आपण घट्ट होतो, ओलावा लागत नाही. पण घट्ट होताना तापतो. एकदम जास्त ओतला तर गाभ्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जाऊ शकतं. त्यांच्या नळ्या जाड पुठ्ठ्याच्या नाहीतर फायबरग्लासच्या असतात. आपली बाटली पेटची, आणि पेट सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडायला लागतं. गरम चहा ओतल्यावर पाण्याची बाटली कशी आकसते ते सगळ्यांनी बघितलंय. फरक इतकाच की या बाटलीत नंतर आपण सायकलच्या पंपाने चार बार, म्हणजे साधारण साठ पीएसआय हवा कोंबणार असतो.

हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. फिन वाकडी झाली तर रॉकेट वाकडं जाईल, जाऊ दे. पण दाब धरणाऱ्या बाटलीला उष्णता लागली, किंवा सांडलेला फोम पुसायला कुणी असिटोन चोळलं, की ती बाटली भरवशाची राहत नाही. असिटोनने पेट पांढरट आणि ठिसूळ होतं. ते डोळ्यांना दिसतं तरी. उष्णतेने कमकुवत झालेली जागा वरून कळतही नाही, कारण तिच्यावर फोम बसलेला असतो.

आता वजनाचं. फोम हलका असतो, त्याचं काय वजन, असं म्हणतात. घेरातली पोकळी सहाशे घन सेंटिमीटर धरा. मोकळा फुगलेला फोम तिथे अठराएक ग्रॅम भरेल. बंद जागेत दाबून बसलेला सहज तीस ग्रॅम. रिकामं रॉकेट दोनशे ग्रॅमचं, त्याचा गुरुत्वमध्य शेपटीपासून ३५ सेंटिमीटरवर, आणि फोम शेपटीपासून पाच सेंटिमीटरवर. गुणाकार-भागाकार केला तर गुरुत्वमध्य जवळजवळ चार सेंटिमीटर मागे येतो. तो पूर्वीच्या जागी न्यायचा तर नाकात आणखी पंचवीसेक ग्रॅम घालायला लागतात. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या रॉकेटवर पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा बोजा, तोही जी फिन चार रुपयांच्या सनपॅक शीटमधून पुन्हा कापता आली असती तिच्यासाठी. त्या विज्ञान मंडळाने नाकात काहीच घातलं नव्हतं. माझ्याकडे आणण्याआधी उडवलं तेव्हा रॉकेट सुटताना सरळ गेलं, पाणी संपून शेपूट जड राहताच आडवं झालं आणि उभ्या उसात शिरलं. ते परत मिळालं हेच नशीब. आमच्याकडे आडसाली ऊस उभा असताना रॉकेट आत गेलं की ते तोडीलाच सापडतं.

गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान बाटलीच्या एका व्यासाइतका पुढे, असावा लागतो. गणित जमत नसेल तर रिकाम्या रॉकेटला गुरुत्वमध्यावर सुतळी बांधून डोक्याभोवती गोल फिरवा. नाक पुढे धरून फिरलं तर ठीक. आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर उडवू नका.

हलका फोम काय करू शकतो याचं सगळ्यात कडू उदाहरण आपण टीव्हीवर बघितलेलं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं. ८२व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधनटाकीवरचा पाऊण किलोच्या आसपासचा पॉलियुरेथेन फोमचा तुकडा सुटला आणि ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. चौकशीत जे पुढे आलं त्यात हाताने फवारलेल्या फोममधल्या पोकळ्यांचाही उल्लेख आहे. नासाच्या कारागिरांच्या हातून पोकळ्या राहिल्या. आपण पुठ्ठ्याच्या घेरात डोळे झाकून नळी घालतो, आणि आपल्याकडे आत बघायला एक्स-रे नसतो.

तरीही फोम पूर्ण टाकाऊ आहे असं माझं मत नाही. मोकळ्यावर, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या खोक्यात तो पातळ थर देत मारा. प्रत्येक थरावर पाण्याचा हलका फवारा द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग त्या ठोकळ्यातून पात्याने हवा तो आकार कापा, पॉलिश पेपरने घासा. नाकाची टोपी अशी फार सुरेख होते, पडल्यावर दणकाही खाते. घेरात आधार द्यायचाच असेल तर अशाच वाळलेल्या ठोकळ्यातून चार पाचरी कापून फिनच्या मागे चिकटवा. फुगायचं ते आधीच फुगून झालेलं असतं, पोकळी असेल तर कापतानाच दिसते, आणि पाचर बसवायच्या आधी काट्यावर ठेवून वजन करता येतं.

फिनचं खरं बळ मात्र मुळात असतं. घेराला फट पाडून फिन आत घाला, आतून पट्टी द्या, दोन्ही बाजूंनी सावकाश वाळणारं एरल्डाइट बोटाने गोलाईत भरा. पाच मिनिटांतलं नको. आणि घेर बाटलीला कायमचा चिकटवू नका, टेपने बसवा, म्हणजे बाटली बदलता येते. बाटली बदलावी लागतेच. फोम भरला की तीही सोय जाते.

फोम मारताना हातमोजे आणि चष्मा हवाच. खोली बंद नको, अंगणात करा. त्यात आयसोसायनेट असतं. भोपाळच्या वायूचं हे लांबचं भावंड, तितकं उडून जाणारं नाही, पण श्वासात वारंवार गेलं तर दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्या वासानेही उठतो. घरात दम्याचं मूल असेल तर हा डबा आणूच नका. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको. डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

दारू भरून मोटर बनवण्याचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही. स्फोटकांचा १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम आहेत. परवाना देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. परवान्याशिवाय तो उद्योग घरात करणं गुन्हा आहे, आणि बोटं जातात ती वेगळीच.

शिक्षकांना एक विनंती. मुलांनी रॉकेट आणलं की उडवण्याआधी बाटली पाण्याने काठोकाठ भरून, उडवताना द्यायचा त्याहून थोडा जास्त दाब देऊन बघा. पाणी भरलेलं असलं की बाटली फाटली तरी धडाका होत नाही. मग मैदानात सगळ्यांना लांब उभं करून दोरीने सोडा. आणि बाटलीच्या अंगाला फोम चिकटलेला दिसला तर ती चाचणीलाही घेऊ नका, तिथल्या तिथे कात्रीने कापून टाका.