स्तन्यपान : चूषण, निगरण व श्वसन यांचा क्रम

कौमारभृत्य हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग होय. स्तन्याचे गुणदोष, धात्रीपरीक्षा, लेहन इत्यादी विषयांचा त्यात विस्ताराने विचार झालेला आहे. तथापि मुखात आलेले स्तन्य बालक कोणत्या क्रमाने गिळते आणि त्या वेळी श्वास कसा घेते, याकडे आपल्या दैनंदिन व्यवसायात कमी लक्ष दिले जाते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कारखान्यांच्या निमित्ताने परगावाहून आलेली अनेक कुटुंबे राहतात. घरात सासू वा आई जवळ नसलेली बाळंतीण "दूध पिताना बाळाला ठसका लागतो" ही तक्रार घेऊन पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडेच येते. म्हणून या क्रियेचे ज्ञान वैद्यास असणे अगत्याचे आहे.

रचना व क्रिया

घसा हा श्वास व आहार या दोहोंचा समाईक मार्ग आहे. नवजात बालकाचे स्वरयंत्र प्रौढाच्या मानाने बरेच उंच, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर असते. त्यावरील झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, मृदू तालूच्या अगदी निकट येते. या रचनेवरून, बालक एकाच वेळी श्वास घेऊ शकते व गिळूही शकते, असे पूर्वी शिकविले जात असे. आता हे मत ग्राह्य राहिलेले नाही. प्रत्येक घोटासमवेत स्वरयंत्राचे द्वार मिटते व श्वास सुमारे अर्धा ते एक सेकंद थांबतो. म्हणजेच या दोन क्रिया एकसमयी होत नसून पाळीपाळीने होतात.

दूध ओढताना बालक साधारणतः सेकंदास एकदा चोखते. एक वा दोन चूषणांमागे एक घोट आणि दोन घोटांच्या मधल्या अवकाशात श्वास, असा क्रम असतो. पान्हा फुटताच दूध वेगाने येते. त्या वेळी घोट वाढतात व श्वासाला अवकाश कमी मिळतो. नंतर बालक थोडे चोखून मध्येच थांबते. या विश्रांतीत ते श्वासाची तूट भरून काढीत असते. पोट भरले असे समजून त्याला लगेच दूर करणे, अथवा आळशी समजून गाल हलवून पुन्हा चोखावयास लावणे, दोन्ही अयोग्य होत.

गर्भ बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भोदक गिळू लागतो. परंतु चूषण, निगरण व श्वसन यांचा मेळ सामान्यतः 34 व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो आणि पुढे काही आठवडे परिपक्व होत जातो. त्यामुळे अकाली जन्मलेले बालक चोखते असे दिसले, तरी ते सुरक्षितपणे पिऊ शकेलच असे नाही.

शास्त्रोक्त विचार

प्राणवायूच्या कर्मांमध्ये चरकाचार्यांनी श्वास व आहार ही दोन्ही सांगितली आहेत. वाग्भटानेही निःश्वास व अन्नप्रवेश ही एकाच प्राणवायूची कर्मे मानली आहेत. या दोन कर्मांचे नियमन मेंदूच्या मुळाशी एकमेकांलगत असलेल्या केंद्रांतून होते, हे आधुनिक शास्त्राचे निरीक्षण त्याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात स्तन धुऊन, किंचित दूध काढून टाकून मग पाजावे असे सांगितले आहे. तसे न केल्यास ताठ व भरलेल्या स्तनातील दुधाने बालकाचे स्रोतस तुडुंब भरून कास, श्वास व वमन उद्भवतात, असे कारणही तेथे दिले आहे. दुधाचा वेग बालकाच्या श्वासावर मात करतो, हेच येथे अभिप्रेत दिसते. मात्र हा विधी स्तन ताठ असून धार जोराची असेल तेव्हाच योजावा. पहिल्या दिवसांतील चीक काढून टाकू नये; जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत तो बालकास द्यावा, हे आज सर्वमान्य आहे. तसेच एक वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम हा घातक विकार संभवतो.

व्यवहारात घ्यावयाची काळजी

1. बालकाचे डोके, मान व धड एका रेषेत असावे. धार जोराची असल्यास मातेने मागे रेलून बालकास छातीवर घ्यावे. ठसका लागताच स्तन सोडवून बालकास उभे धरावे व श्वास स्थिरावू द्यावा.

2. "नाक दाबले की तोंड उघडते" ही म्हण बालकास औषध पाजताना कोणीही आचरणात आणू नये. नाक दाबलेले व तोंड भरलेले बालक श्वास घेणार कोठून? गुटी, चाटण वा दूध रडत्या अथवा झोपलेल्या बालकाच्या तोंडात ओतू नये. बोंडल्याचे टोक ओठाशी टेकवून थेंब-थेंब द्यावे व प्रत्येक घोटानंतर थांबावे. कल्प लिहून देताना ही रीतही सांगावी.

3. पहिले काही महिने बालक मुख्यतः नाकानेच श्वास घेते. कोकणातील पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदले की ते स्तन धरते, सोडते व रडते. पाजण्यापूर्वी नाकात सलाईनचे एक-दोन थेंब टाकून नाक मोकळे करावे. वाग्भटाने सात वर्षांखालील बालकास नस्य निषिद्ध मानले आहे. प्रतिमर्श आजन्म सांगितला असला, तरी तेल खोकला न येताच फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून तान्ह्या बालकाच्या नाकात तेल घालू नये.

4. शांत असताना मिनिटास 60 किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, पिताना घाम येणे, दर वेळी नाकातून दूध येणे, अथवा पूर्वी जोमाने चोखणारे बालक मंदावणे ही लक्षणे आढळल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता कळंबणी येथील उपजिल्हा रुग्णालय वा डेरवण येथील वालावलकर रुग्णालय यांसारख्या ठिकाणी पाठवावे.

यांतील शेवटच्या लक्षणाचे महत्त्व मोठे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या कार्याने नवजात मृत्यू लक्षणीय घटल्याचा अहवाल 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग ओळखण्याच्या त्यांच्या लक्षणांत चोखणे मंदावणे वा थांबणे याचा समावेश होता. गावातील स्त्री ज्याची नोंद घेऊ शकते, ते वैद्याच्या दृष्टीतून निसटू नये.

उपसंहार

ठसक्याची तक्रार आली की कासहर कल्प लिहिण्याची घाई करू नये. मातेला आडोशाला, निवांतपणे, आपल्या अथवा आपल्या सहायक भगिनीच्या समक्ष बालकास पाजावयास सांगावे व पाच मिनिटे केवळ निरीक्षण करावे. घोट कसे पडतात, मध्ये श्वास येतो की नाही, बालक स्वतः थांबते की दूध त्यास थांबू देत नाही, हे त्यातून कळते. अनेक मातांना औषधाऐवजी बसण्याची रीत व थोडा धीर यांचीच गरज असते. आणि ज्या थोड्या बालकांना तातडीच्या उपचारांची गरज असते, तीही याच पाच मिनिटांत ओळखू येण्याचा संभव अधिक असतो.