वायरला कोणती टेप लावाल?

सख्यांनो, मिक्सरची वायर सोलली की हाताला येईल ती टेप आपण गुंडाळतो. पण घरातली वीज २३० व्होल्टची असते. सेलोटेप, कागदी टेप, जखमेची पट्टी यांचं ते काम नव्हे. ओल धरली की त्यातून करंट येऊ शकतो.

दुकानात ‘पीव्हीसी इन्सुलेशन टेप’ मागा. आयएसआय खूण बघूनच घ्या. गोंद सुकलेली जुनी टेप घेऊ नका.

टेप लावताना:

१. प्लग काढा. भिंतीतली वायर असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवा.
२. हात आणि वायर कोरडी हवी.
३. टेप थोडी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळा. सोललेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना इंचभर पुढे न्या. असे किमान दोन थर द्या.
४. आतल्या दोन तारांना वेगवेगळी टेप लावा, मग दोन्ही मिळून वरून एक.

उत्तन, पाली, चौककडे खारा वारा असतो. त्याने जोडातलं तांबं हिरवं पडतं, जोड सैल होऊन तापतो. म्हणून अंगणात, मासळी धुतो तिथे टेपच्या जोडावर विसंबू नका, अखंड वायर घ्या.

टेप म्हणजे झाकण, दुरुस्ती नव्हे. वायर कडक झाली, जळका वास आला, टेप गरम लागली किंवा दोन-तीन जोड झाले, तर वायरच बदला.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने आपल्या घरातल्या वायरी एकदा तपासा.