विटेंतील पेंढा व प्लॅस्टिकांतील कांच

बायबलांतील निर्गम या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत एक प्रसंग वर्णिला आहे. मिसर देशाच्या राजानें इस्राएल लोकांस विटांसाठीं पेंढा देणें बंद केलें. तो त्यांनीं स्वतःच हुडकून आणावा, आणि विटांची रोजची संख्या मात्र कमी होऊं नये, अशी त्याची आज्ञा झाली. हा पाठ ऐकतांना पुष्कळांस वाटतें कीं, वीट तर मातीची. मग पेंढ्यावांचून एवढें काय अडलें? ज्यानें खेड्यांत भिंतीसाठीं चिखल तुडवितांना पाहिला आहे त्यास याचें उत्तर ठाऊक आहे. नुसती माती वाळतांना तडकते. तींत पेंढा कालवला म्हणजे त्याच्या काड्या तिला जागोजाग धरून ठेवितात. हीच युक्ति आजचे रसायनज्ञ प्लॅस्टिकांत योजितात. मात्र पेंढ्याच्या जागीं ते कांच घालतात.

परंतु जी कांच हातांतून पडतांच फुटते, ती दुसऱ्यास बळ कसें देणार? ही शंका रास्त आहे. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तिचें उत्तर सांपडतें. कांच फुटते ती तिच्या अंगावरील अतिसूक्ष्म भेगांमुळें. तिचा तंतु जसजसा बारीक ओढावा, तसतसा मोठ्या भेगेस त्यांत वावच राहत नाहीं, आणि तंतु अधिकाधिक बळकट होतो. प्लॅस्टिकांत घालावयाचा कांचतंतु साधारणतः १० ते १३ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केसही याहून कित्येक पट जाड असतो.

आतां प्लॅस्टिकाकडे वळूं. त्याचे रेणु लांब सांखळीसारखे असतात. सर्व कड्या एकाच जातीच्या असल्या तर त्यास बहुवारिक म्हणतात. दोन किंवा अधिक जातींच्या कड्या एकाच सांखळींत गुंफिल्या तर तें सहबहुवारिक होय. उदाहरणादाखल ॲसिटल हें प्लॅस्टिक घेऊं. शाळेच्या प्रयोगशाळेंत प्राण्यांचे नमुने ज्या फॉर्मॅलिनमध्यें ठेवितात, त्यांतील फॉर्माल्डिहाइडच्याच कड्यांची ही सांखळी आहे. जर्मन रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत तिचा अभ्यास केला. परंतु तापवितांच ती टोंकाकडून उसवूं लागे. विणलेल्या मोज्याचा एक टांका सुटला म्हणजे सारी वीण जशी सुटत जाते, तसाच हा प्रकार. यावर दोन उपाय निघाले. एक, सांखळीचीं टोंकें बंद करणें. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें १९६० सालीं बाजारांत आणलेलें ॲसिटल या जातीचें होतें. दुसरा, मधून मधून निराळ्या जातीची कडी घालणें. त्या कडीशीं उसवण येऊन थांबते. सेलानीज कंपनीनें १९६२ सालीं आणलेलें सहबहुवारिक ॲसिटल तें हेंच. परकी कडी सांखळीचा दोष न ठरतां तिची राखण करते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या ॲसिटलमध्यें कांचतंतूंचे बारीक तुकडे, बहुधा वजनानें शेंकडा २५ या प्रमाणांत मिसळतात. तंतूंवर आधीं एका रासायनिक लेपाचा पातळ थर देतात, म्हणजे कांच व प्लॅस्टिक एकमेकांस घट्ट धरतात. मग तें मिश्रण सुमारें २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून सांच्यांत दाबानें भरतात. परिणाम पाहा: कडकपणा जवळजवळ तिप्पट होतो, भाराखालीं न वांकतां टिकण्याची उष्णतेची मर्यादा सुमारें १०० अंशांवरून १६० अंशांच्या आसपास जाते. विशिष्टगुरुत्व मात्र १.४१ वरून १.५८ च्या सुमारास, म्हणजे ॲल्युमिनमच्या २.७ पेक्षां पुष्कळच कमी, राहतें. पेट्रोल व अल्कली यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाहीं. म्हणून पंपांचे भाग, भार वाहणारीं दंतचक्रें, मोटारींतील आधारपट्ट्या, अशा ठिकाणीं तें धातूची जागा घेतें.

तथापि हें बळ फुकट मिळत नाहीं. साधें ॲसिटल तुटण्यापूर्वीं चांगलेंच ताणलें जातें. कांच घातलेलें शेंकडा दोन-तीन इतकें ताणलें कीं तुटतें. घासणाऱ्या भागांस कांच झिजविते. तीव्र आम्लें त्यास सोसत नाहींत. पुन्हां वितळवून वापरूं म्हटलें, तर दर खेपेस तंतु अधिकच आंखूड होतात. हें प्लॅस्टिक कापतांना उडणारी धूळ डोळ्यांस व घशास बोचते. म्हणून कारागिरानें चष्मा व मुखपट्टी वापरणें अवश्य आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांध्याची. सांच्यांत खिळ्यासाठीं भोंक ठेविलें असेल, तर वितळलेला रस त्याच्या दोहों बाजूंनीं वाहत येऊन पलीकडे मिळतो. बाहेरून तो सांधा अखंड दिसतो. परंतु तंतु आपापल्या बाजूस राहतात, एकीकडून दुसरीकडे जात नाहींत. तेथेंही कांच शेंकडा २५ च असते, तरी भार पडतांच वस्तु तेथेंच चिरते. अशी चीर गाडीच्या किंवा यंत्राच्या भागांत पडली तर मनुष्याच्या जिवाशीं गांठ पडते. म्हणून जाणता कारागीर तंतूंचें प्रमाण पाहून थांबत नाहीं. सांधा कोठें येतो हें आधीं पाहून तो तेथें भार येऊं देत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील एखादें मोडलेलें यंत्र वडिलांच्या अनुमतीनें उघडून पाहा. कित्येक भागांच्या आंतल्या अंगास ‘जीएफ’ हीं इंग्रजी अक्षरें व पुढें एक आंकडा कोरलेला आढळेल. तो आंकडा म्हणजे त्यांतील कांचतंतूंचें शेंकडा प्रमाण. मग तो भाग कोठें मोडला आहे तें निरखा. मोड भोंकापाशीं असली, तर वरील सांध्याची गोष्ट आठवा. नुसता पेंढा मोजून वीट पक्की होत नाहीं. त्याच्या काड्या दोन्हीकडच्या मातीस धरून आहेत कीं नाहींत, हें पाहावें लागतें.