बातूरची पहाट: ज्वालामुखीवर निघणाऱ्यांसाठी

ठाणेकरांना डोंगर नवे नाहीत. माजिवड्याच्या पुलावरून पश्चिमेला पाहिलं की येऊरची रांग दिसते, कल्याणच्या बाजूला मलंगगड उभा असतो आणि आसनगावला उतरलं की समोर माहुली. हे सगळे डोंगर लाव्हाचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून गोठलेला कातळ म्हणजे आपला सह्याद्री. त्यामुळे बालीच्या सहलीच्या कागदावर ‘ज्वालामुखीवर अर्ध्या दिवसाचा ट्रेक, गाइडसह, नाश्ता समाविष्ट’ अशी ओळ दिसली, तरी नेहमी ट्रेक करणारा ठाणेकर बिचकत नाही.

माजिवड्यातल्या एका ताईही बिचकल्या नव्हत्या. पन्नाशी ओलांडलेली, पण कळसूबाई केलेली, पावसात भिजत माहुली चढलेली. पती, नणंद आणि नणंदेचे यजमान असा चौघांचा बेत ठरला. आज त्यांच्या सोसायटीत कुणी बालीला निघालं की घरचे त्याला आधी ताईंकडे पाठवतात. बाली कसं आहे ते नंतर, आधी डोंगराचं ऐकून ये, असं सांगून.

ताईंचं पहिलं सांगणं असतं की डोंगर किती उंच आहे याने फसू नका. बालीतल्या बातूर ज्वालामुखीची उंची 1,717 मीटर, म्हणजे 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा जेमतेम 71 मीटर जास्त. गाडी हजारेक मीटरपर्यंत नेऊन सोडते, म्हणजे प्रत्यक्ष चढ सहा-सातशे मीटरचाच उरतो. दोन तास वर, दोन तास खाली. आकडे असे वाचले तर रविवारचा ट्रेक वाटतो. पण कळसूबाई साडेसहा कोटी वर्षं थंड आहे आणि बातूर शेवटचा जागा झाला तो 2000 साली. 1917च्या उद्रेकात आणि भूकंपात हजारावर माणसं गेली. 1926 मध्ये लाव्हाने बातूर गाव आणि तिथलं मंदिर गिळलं, तेव्हा गावकऱ्यांनी दोन्ही वर, जुन्या महाकाय विवराच्या, म्हणजे कॅल्डेराच्या, काठावर हलवली. 1963चा काळा लाव्हा पायथ्याशी अजून तसाच पसरलेला आहे आणि आता त्यावरून पर्यटकांच्या जीपगाड्या धावतात.

भारतात असा अनुभव घ्यायची सोय नाही. आपल्याकडे जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे पर्यटकांना उतरता येत नाही, बोटीतूनच पाहावं लागतं. म्हणून मराठी पर्यटक बाली गाठतो, आणि बालीत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांमध्ये अलीकडे ऑस्ट्रेलियन लोकांखालोखाल भारतीयांचाच भरणा असतो.

बातूरचा ट्रेक सूर्योदयासाठी असतो, म्हणजे सगळा चढ अंधारात. हॉटेलवरून गाडी निघते रात्री दोनच्या सुमारास. कुटा किंवा सेमिन्याकला उतरलेल्यांना पायथा गाठायला दोन तास लागतात, उबुडहून तासभर. ताईंच्या सहलीत हा ट्रेक पोचल्याच्या दुसऱ्याच रात्री टाकलेला होता. मुंबईहून प्रवास, वेळेचा अडीच तासांचा फरक, त्यात झोप तीन तासांची. चौघेही गाडीत पेंगत होते.

पायथ्याशी गाइड भेटला. विशीतला, हसतमुख, मोडकं इंग्रजी बोलणारा, पायाने चपळ. चौघांबरोबर आणखी दोन परदेशी जोडपी, म्हणजे एका गाइडमागे आठ जण. टॉर्च वाटले, त्यातले दोन मिणमिणते. नणंदेच्या पायात फ्लोटर होते, कारण ‘सोपा ट्रेक’ असं सांगितलं होतं. गाइडने पायांकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. तो काही बोलला नाही, म्हणून यांनीही मनावर घेतलं नाही.

चढताना काहीच बिघडलं नाही. खाली कॅल्डेराच्या तळ्यावर धुकं, पलीकडे अबांगचा डोंगर आणि त्यामागे अगुंगचं टोक. खडकातल्या फटींतून वाफ येत होती आणि त्या वाफेवर गाइडने अंडी उकडून दिली. माकडांनी केळी पळवली. फोटो झाले.

खरा प्रकार घडला उतरताना. ज्वालामुखीचा घसारा आपल्या घसाऱ्यासारखा नसतो. खडे हलके, सच्छिद्र, गोटीएवढे, आणि खाली टणक लाव्हा. पाऊल टाकलं की खडे त्या टणक लाव्ह्यावरून सरकतात. कातळाची सवय असलेला माणूस सवयीने टाचेवर जोर देतो, तिथेच पाय निसटतो. ताईंचाही निसटला. तोल सावरायला हात खाली टेकला, तर खडकाच्या कडांनी तळवा सोलून निघाला आणि मनगट वेडंवाकडं वळलं. गाइड तेव्हा बराच पुढे, परदेशी जोडप्यांबरोबर होता. “अहो, त्याला हाक मारा,” असं ताई म्हणाल्या खऱ्या, पण त्याचं नाव कुणालाच आठवेना. यजमानांनी गळपट्टीत हात बांधला. तिथवर मोटरसायकलवाले येऊन पोचले होतेच. बातूरवर अर्ध्या वाटेपर्यंत ते भाड्याने नेतात-आणतात, आणि दमलेल्या माणसाला भाव सांगतात तो दमलेल्या माणसाचाच.

मनगटाला बारीक चीर होती. प्लास्टर, औषधं, सहलीचे उरलेले दिवस हॉटेलात. घरी आल्यावर विम्याचा दावा केला, तर कंपनीचं उत्तर आलं की पॉलिसीत ‘साहसी प्रकार’ वगळलेले आहेत आणि ज्वालामुखीवरचा ट्रेक त्यात मोडतो. पॉलिसी सहलीच्या कंपनीनेच काढून दिली होती. ती वाचायची राहून गेली होती, एवढंच ताई त्याबद्दल म्हणतात.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही डोंगरावर घडू शकली असती. परत आल्यावर, हात गळ्यात अडकवून घरी बसलेल्या ताईंनी वाचायला घेतलं, तेव्हा त्यांना दुसरी आणि मोठी गोष्ट कळली. गाइडला वाट ठाऊक असते. कुठे पाय ठेवायचा, कुठे थांबायचं, कुठली फट गरम आहे, हे तो सांगतो. डोंगराच्या पोटात काय चाललंय हे त्याला वाटेवर उभं राहून दिसत नाही. ते भूकंपमापकांना आणि वायुमापकांना दिसतं, आणि त्याचा निष्कर्ष सरकारी सूचनेत छापला जातो. ती सूचना वाचण्याचं काम प्रवाशाचंच.

इंडोनेशियात ज्वालामुखींच्या धोक्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली नॉर्मल, दुसरी वास्पादा, तिसरी सिआगा, चौथी आवास. ज्वालामुखींवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा प्रत्येक डोंगराची पायरी रोज जाहीर करते आणि तोंडापासून किती अंतरात जाऊ नये हेही सांगते. सगळं ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

पण पायरी पाहिली आणि अंतर पाहिलं नाही, तर काय होतं ते सुमात्रातल्या मारापीने दाखवलं. मारापी 2011 पासून दुसऱ्या पायरीवर होता आणि तोंडापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती. तरीही चढाईचे परवाने रीतसर दिले जात होते. 3 डिसेंबर 2023 रोजी, रविवारी, तो अचानक फुटला तेव्हा डोंगरावर पंचाहत्तरच्या आसपास गिर्यारोहक होते. 24 जण गेले. एका खात्याने पावती फाडली होती आणि दुसऱ्या खात्याने जाऊ नका म्हटलं होतं. माणसांनी हातातल्या पावतीवर विश्वास ठेवला.

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावरची सहल तर अगदी ‘गाइडसह अर्धा दिवस’ याच प्रकारची. बोटीने जायचं, हेल्मेट घालायचं, विवरापर्यंत चालायचं, परत यायचं. 18 नोव्हेंबर 2019 रोजी तिथली धोक्याची पातळी एकवरून दोनवर गेली. सहली चालू राहिल्या. 9 डिसेंबरच्या दुपारी स्फोट झाला तेव्हा बेटावर 47 जण होते. त्यातले 22 दगावले. मृतांमध्ये दोन गाइडही होते.

आणि पायरी पहिली असली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. जपानचा ओंताके 27 सप्टेंबर 2014 रोजी सर्वात खालच्या पातळीवर होता. शरदातला शनिवार, झाडांची पानं रंगलेली, शिखरावर डबे उघडायची वेळ. 11 वाजून 41 मिनिटांनी जमीन कंप पावू लागली आणि 11 वाजून 52 मिनिटांनी डोंगर फुटला. मृत आणि बेपत्ता मिळून 63. त्या स्फोटात ताजा लाव्हा आलाच नव्हता. जमिनीखालचं पाणी तापून त्याची वाफ कोंडते आणि झाकण उडावं तशी वरचे खडक घेऊन उसळते. अशा स्फोटांचा सुगावा लागायला फार कमी वेळ मिळतो. बहुतेकांचे जीव उडालेल्या दगडांनी घेतले.

म्हणून ताई आता सोसायटीत सांगतात, ते दोन भागांत. एक भाग पायांचा, दुसरा डोंगराचा.

पायांचं असं. ट्रेक पोचल्याच्या दुसऱ्या रात्री ठेवू नका, दोन रात्री नीट झोप होऊ द्या. मुक्काम शक्यतो उबुडकडे घ्या, म्हणजे झोप तासभर वाढते. घोटा झाकणारे, खोल खाचांचे बूट घाला. हातमोजे न्या, अगदी बागकामाचे सुती चालतील, कारण लाव्हा कातडी सोलतो. हेड टॉर्च स्वतःचा न्या, सुट्या बॅटऱ्यांसह. वर पहाटे गारठा असतो, एक स्वेटर लागतोच. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवा, वजन पुढच्या पायावर येऊ द्या आणि काठी वापरा. सरावासाठी म्हणून येऊरच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात टॉर्च लावून फिरायला जाऊ नका, तिथे बिबट्याचं राज्य आहे. सराव दिवसाउजेडी माहुलीच्या घसाऱ्यावर करा.

गाइडला पायथ्याशीच चार गोष्टी विचारा. त्याचं नाव आणि फोन नंबर. एका गाइडमागे किती जण. मागे राहिलेल्याबरोबर कोण थांबणार. आणि पाय मुरगळला तर खाली न्यायची सोय काय. सहापेक्षा जास्त जण असतील तर दुसरा गाइड मागा, जास्तीचे पैसे पडले तरी. जून 2025 मध्ये लोंबोक बेटावरच्या रिंजानी ज्वालामुखीवर गाइडबरोबरच्या गटातली एक ब्राझिलियन तरुणी मागे राहिली आणि दरीत कोसळली. बचावपथक तिच्यापर्यंत पोचलं ते चौथ्या दिवशी, आणि तोवर ती गेलेली होती. त्याआधी एप्रिल 2024 मध्ये जावातल्या इजेन ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर फोटोसाठी मागे सरकलेली एक चिनी पर्यटक 75 मीटर खाली पडली. फोटो काढायचा तर काठाकडे पाठ करू नका.

आता डोंगराचं. बुकिंग करताना त्याची पायरी आणि वर्ज्य अंतर पाहा, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहा. वाट त्या अंतराच्या आत शिरत असेल तर कुणी काहीही सांगितलं तरी जाऊ नका. वर पोचल्यावर वाफेच्या फटींजवळ कमी वेळ काढा, खोलगट जागी बसू नका. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतात आणि खड्ड्यात साठतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं नसतं, जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, सोबत कुणी गरोदर असेल, तर खाली तळ्याकाठी गरम पाण्याच्या कुंडांत बसून डोंगर पाहावा. गुरगुर ऐकू आली, दगड घरंगळू लागले, वाफेचा रंग काळवंडला, तर मोबाइल खिशात टाकून उतरायला लागा. दगड उडू लागले तर सॅक डोक्यावर धरा आणि मोठ्या खडकाच्या आड जा. राख पडू लागली तर नाकातोंडावर ओला रुमाल बांधा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा.

डोंगर चढला नाही तरी ज्वालामुखी सहल अडवू शकतो. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी फुटला आणि त्याच्या राखेमुळे शेकडो किलोमीटरवरच्या बालीची विमानं रद्द झाली, त्यात भारतातून जाणारी येणारीही होती. 18 जून 2025 रोजी त्याच डोंगरामुळे दिल्लीहून बालीला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. म्हणून परतीच्या दुसऱ्या दिवशी लग्न किंवा मुलाखत ठेवू नका, औषधं दोन-तीन दिवसांची जास्त न्या.

शेवटचं काम विम्याचं, आणि ते ठाण्यातच उरकायचं. विमा कंपनीला ईमेल करून तीन प्रश्न विचारा: ‘ज्वालामुखीवर गाइडसह ट्रेक’ पॉलिसीत बसतो का, किती उंचीपर्यंत, आणि राखेमुळे विमान रद्द झालं तर भरपाई मिळते का. उत्तर लेखी घ्या. बसत नसेल तर जास्तीचा हप्ता भरून साहसी प्रकारांचं कलम जोडून मागा, आणि हे उद्रेकाची बातमी येण्याआधी करा, कारण जाहीर झालेल्या उद्रेकानंतर काढलेली पॉलिसी त्या उद्रेकाला सहसा लागू होत नाही. पॉलिसीची प्रत, गाइडचा नंबर आणि बालीतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक प्रत माजिवड्यात घरी ठेवून निघा.