व्यायामात खर्च झालेले उष्मांक पुन्हा खावेत काय?

वजन कमी करू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी

वजन उतरवण्याच्या हेतूने आपण आहार मोजून घेऊ लागता आणि त्याच्या जोडीला चालणे, धावणे किंवा सायकल चालवणे सुरू करता. काही दिवसांतच प्रश्न उभा राहतो. मनगटावरील घड्याळ आज ३०० किलोकॅलरी खर्च झाल्याचे दाखवते. मग तेवढे अन्न अधिक घेण्यास हरकत आहे काय? रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या बहुतेक निरोगी प्रौढांना अशा भरपाईची आवश्यकता नसते. काहींना मात्र ती अत्यावश्यक असते. आपण कोणत्या गटात आहात, हे आधी पाहावे.

हिशेब कोठे चुकतो?

७० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालली, तर त्या अर्ध्या तासात सुमारे १४० किलोकॅलरी खर्च होतात. परंतु ती व्यक्ती त्या वेळी स्वस्थ बसून राहिली असती, तरी श्वसन, रक्ताभिसरण इत्यादींसाठी सुमारे ३५ किलोकॅलरी लागल्याच असत्या. म्हणजे चालण्यामुळे झालेला अधिकचा खर्च साधारण १०५ एवढाच. तळलेला मध्यम समोसा २०० किलोकॅलरींच्या पुढे जातो. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल सुमारे १२० किलोकॅलरी देते, आणि चहातील साखरेचा प्रत्येक लहान चमचा २०. सकाळच्या फेरफटक्यानंतर कोपऱ्यावरील टपरीवर घेतलेला चहा-समोसा त्या फेरफटक्याहून भारी ठरतो, तो असा.

यंत्रावरील आकडाही जपून वाचावा. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणे तपासली. ऊर्जाखर्चाच्या मापनात त्यांतील सर्वांत अचूक उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के होती. नाडीचे ठोके मोजण्यासाठी ही साधने बऱ्यापैकी उपयुक्त आहेत. ताटातील वाढ ठरवण्यासाठी नाहीत.

तिसरी चूक सहसा लक्षात येत नाही. आहारतज्ज्ञ दिवसाची ऊर्जा ठरवताना आपण बैठे काम करता की नियमित व्यायाम करता, हे विचारतात आणि त्यानुसार आकडा वाढवतात. मोबाइलमधील अनेक अ‍ॅपही तसेच करतात. आपण ‘नियमित व्यायाम’ असे उत्तर दिले असल्यास व्यायामाचा वाटा त्या आकड्यात आधीच मिळवलेला असतो. तोच पुन्हा खाल्ला, तर एकच खर्च दोनदा धरला जातो. आपल्या तक्त्यात व्यायाम धरला आहे किंवा नाही, हे प्रथम विचारून घ्यावे.

अधिक अन्न केव्हा घ्यावे?

तासाहून अधिक काळ धावणे, पोहणे, डोंगर चढणे किंवा लांब पल्ल्याची सायकलफेरी अशा दिवशी खर्च खरोखरच मोठा असतो. तेव्हा यंत्राने दाखवलेल्या आकड्याच्या साधारण निम्मे अन्न अधिक घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. ते डाळ, उसळ, दही, अंडे, फळ किंवा पोळी-भात अशा नेहमीच्या जेवणातूनच यावे. घाम गेल्यास पाणी किंवा साखर न घातलेले ताक घ्यावे. अर्ध्या तासाच्या चालण्यासाठी गोड ऊर्जापेयांची गरज नाही.

निर्णय एका दिवसाच्या आकड्यावर घेऊ नये. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचास जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे. आठवड्याला अर्धा ते एक किलो घट पुरेशी आहे. पहिल्या आठवड्यात शरीरातील पाणी कमी झाल्याने घट अधिक दिसू शकते. त्यानंतरही घट सातत्याने एक किलोहून अधिक राहिली, सतत थकवा, चक्कर, झोपमोड जाणवू लागली किंवा स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली अथवा थांबली, तर आपला आहार अपुरा पडत आहे. अशा वेळी अन्न वाढवावे आणि डॉक्टरांना भेटावे. पाळी थांबणे हे व्यायाम ‘लागू पडल्याचे’ लक्षण मुळीच नव्हे.

गर्भवती स्त्रिया, वाढत्या वयातील मुले-मुली आणि क्षयरोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांनी उष्मांक कापण्याचा हा हिशेब स्वतःहून करू नये. स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. शेतात, बांधकामावर किंवा हमालीचे काम करणाऱ्यांचे श्रम हाच त्यांचा व्यायाम असतो. त्यांनी जेवण वगळू नये.

मधुमेह असल्यास

इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामादरम्यान आणि त्यानंतर काही तासांपर्यंत, रात्री झोपेतही, रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी व्यायामापूर्वीचा अल्पोपाहार हा उपचाराचा भाग ठरू शकतो. वजन घटावे म्हणून तो टाळू नये. औषधाची मात्रा कमी करावयाची असल्यास ते डॉक्टरांनीच ठरवावे. थरथर, घाम, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास व्यायाम तत्काळ थांबवावा. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असल्यास, किंवा तपासण्याचे साधन जवळ नसल्यासही, तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आवश्यक वाटल्यास तेवढीच साखर पुन्हा घ्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

आपले वय ३० वर्षे किंवा त्याहून अधिक असल्यास व्यायाम सुरू करण्यापूर्वी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी.